शून्याच्या आसपास

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेला कंट्रोलर,
चारशे रुपये, एक बटण चिकट,
कुणाचं तरी कोकम सरबत त्यात अजून सुकायचंय.
डावी काठी मात्र
हात न लावताही डावीकडे बघते.

मी आकडा पडद्यावर छापून घेतला.
सेकंदाला साठ वेळा विचारते तिला, कुठे आहेस?
साठही वेळा सांगते ती:
उणे सात शतांश.
मध्येच आठ. शून्य कधीच नाही.
आणि माझी फेरीबोट, जिच्यावर
सहा चौकोनी स्कुटरी अन् एक म्हैस
मी हौसेनं रंगवलीय,
कुणी न हाकता खारफुटीत जाऊन बसते.

उपाय सोपा, सगळेच करतात.
मधोमध एक वर्तुळ आखायचं
आणि त्याच्या आतलं काही म्हणजे काही
ऐकायचं नाही.
पंधरा शतांश, लिहिलं मी.
बोट गप्प उभी राहिली.
मी चहा टाकला.

संध्याकाळी इनासबाब आले, जिन्यात दोनदा थांबत.
दिवाडीच्या फेरीवर एकतीस वर्षं चाकाला.
आता डावा हात कापतो,
कपबशी त्यांच्याआधी बोलायला लागते.
"ही तुझी मांडवी?
एवढी निळी मी कधी पाहिली नाही, बाय."

काठी धरली त्यांनी, अंगठ्यानं, जेमतेम.
बोट हलेना.
आणखी थोडी. हलेना.
आणखी,
आणि एकदम उसळून ती सां पेद्रच्या धक्क्यावर आदळली,
स्कुटरींसकट.

"हळू सांगितलं तर ऐकत नाही,
मोठ्यानं सांगितलं तर दचकते," म्हणाले.
"असली माणसं असतात. बोट नसते."

मी समजावलं: काठी बिघडलीय, डावीकडे ओढते,
म्हणून मधलं सगळं बंद केलंय.
(तुमचा हातही त्या वर्तुळात बंद झालाय,
हे मी बोलले नाही. त्यांनी बशीकडे पाहिलं.)
"ओढते? मग ओढू दे की.
ओहोटीला तिथे सगळंच ओढतं.
एकतीस वर्षांत मी चाक सरळ धरलेलं नाही.
उजवीकडे एवढंसं धरायचं,
मग बोट सरळ जाते."
एवढंसं म्हणजे किती, ते दाखवायला
त्यांनी दोन बोटं उचलली,
आणि बोटांमधलं अंतर काही केल्या स्थिर होईना.

रात्री सगळं उसवलं.
वर्तुळ लहान केलं, तीन शतांश,
आणि मोजणी त्याच्या कडेपासून नव्यानं सुरू केली,
म्हणजे पहिला शब्द कुजबुजीएवढाच निघेल.
मागची आठ मापं घेऊन त्यांची सरासरी,
कंप त्यात विरघळतो.
बोट जरा उशिरा वळू लागली.
लोखंडी बोट उशिराच वळते.
उरले ते सात शतांश.
काठीतून वजा केले,
नदीत मिळवले.
नाव दिलं: ओहोटी.
पहाटे दोन वाजता मच्छर अगरबत्ती संपली.

आज ते पुन्हा आले. काही विचारलं नाही.
अंगठा उजवीकडे, एवढासा,
आणि तिथेच ठेवला, पूर्ण नदीभर.
खारफुटी डावीकडून गेली. एक बगळा,
जो मी फक्त चार चौकोनांत काढलाय, गेला.
फळी धक्क्याला टेकली तेव्हा
कंट्रोलरमधली मोटर घुमली, पाव ताकदीनं,
दोन दशांश सेकंद.
तेवढ्या वेळात थरथर हाताची की यंत्राची
सांगता आलं नसतं.

मग चिकट बटण दाबलं, ते दबूनच राहिलं.
फळी खाली. स्कुटरी एकेक उतरल्या.
इनासबाब वाट पाहत राहिले.
"म्हैस उतरत नाही," म्हणाले.

खरंच. ते मी लिहिलंच नव्हतं.